बारावा जुज आधी

अहमदपूर
२२ ऑगस्ट १९८२

चि. पंचशीलास,
जय भीम.

त्या सकाळी मी ज्वारी पाखडत होते, तू राखेनं तांबे घासत होतीस, आणि तुझे दादा पायरीवर उन्हात बसून आपल्या पिशवीचा तुटलेला पट्टा शिवत होते. तू म्हणालीस, “दादा, शिवणटिपण बायकांचं काम हाय.” ते म्हणाले, “पलटणीत बायका न्हाईत बाई. तिथं माझी बायको मीच.” तू इतकी हसलीस की तांब्या हातातून सुटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला. तो धरायला मी उठले तर शेजारच्या कोंबड्यांनी माझं सूप साधलं. कोंबड्या हाकलून झाल्यावर तुझ्या दादांनी दाभण माझ्या हातात दिलं. “हे बघ. दोऱ्याला मेण लावायचं. एक टाका पुढं, एक मागं. मग एका जागी तुटलं तरी बाकीची शिवण उसवत न्हाई.” आठ दिवसांनी रजा संपली. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. फेब्रुवारीत त्यांची पेटी आली. तिच्यावरच बसून मी हे लिहीत आहे.

हे सगळं आज आठवलं ते शिक्क्यामुळं. गेल्या रविवारी आपला लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, बँड वाजला, आणि दुसऱ्या दिवशी आमचे ग्रंथपाल विरूपाक्षअप्पा वाचनालयाच्या दारात नवा रबरी शिक्का घेऊन उभे! म्हणाले, “धुरपताबाई, आपली पुस्तकं अजून उस्मानाबादेत हायत. सगळ्यांना लातूरला आणायचं.” म्हणजे प्रत्येक पुस्तक काढायचं, ‘जि. उस्मानाबाद’ वर काट मारायची आणि शेजारी ‘जि. लातूर’ उमटवायचं. चार हजार पुस्तकं. माझा अंगठा जांभळा झाला आहे. काल भाकरीवरसुद्धा ‘लातूर’ उमटलं. खाल्लं.

त्यात एक पुस्तक सापडत नाही. ‘रजेचा कागद’. सैनिकाची कादंबरी, मीच बांधलेली, तपकिरी पुठ्ठा. उन्हाळ्यात तू आली होतीस तेव्हा फडताळापुढं घुटमळत होतीस, हे मी पाहिलं आहे. शिक्क्यासाठी पाहिजे, परत पाठव. वाचलं नसलं तरी चालेल.

पाऊस नाही. टँकर तीन दिवसांआड येतो. पुठ्ठ्याची खळ शिजवायला पाणी मागितलं तर अप्पा म्हणतात, “प्यायला की चिकटवायला, एक काय ते ठरवा.”

तुझी वैनी,
धुरपता


नांदेड
३० ऑगस्ट १९८२

ती. वैनीस,
सप्रेम जय भीम.

पुस्तक मिळणार नाही! चोर मीच. पण शिक्का मारायला एवढी घाई असेल तर तुमचा जांभळा अंगठा घेऊन नांदेडला या.

वैनी, तुमच्या हातून हे पुस्तक गेलं आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाही? शाळा सुटल्यावर मी एम.ए.चा अभ्यास करते हे तुम्हाला माहीत आहे. निबंधाला विषय मिळाला आहे, ‘युद्धविरोधी कादंबरी : आशय आणि शैली’. सगळे मोठमोठ्या नावांच्या मागे लागलेत. मी हे घेतलं. लेखकाचं नाव वाळवीनं खाल्लेलं, पुस्तकाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, आणि असं पुस्तक मी जन्मात वाचलं नाही.

काय धाडस आहे बघा. पहिल्याच प्रकरणात सटवाची पेटी घरी येते. त्याची बायको यमुना पेटी उघडते. आत मंजूर झालेला रजेचा कागद, आणि तारीख त्याच्या मरणानंतरची. म्हणजे गोष्ट इथं संपली ना? नाही! लेखक तिथून मागे निघतो. मेलेला सटवा पुढच्या प्रकरणात खंदकात बसलेला आहे, त्याच्या पुढच्यात अजून तरुण, आणि शेवटच्या पानावर तो घरी, यमुनेबरोबर भिंत लिंपतो आहे. ओल्या भिंतीवर दोघांचे पंजे. बस. सगळी लढाई उलटी फिरवून माणूस घरी आणून सोडला.

आता शैली. ठराविक अंतरानं वाक्य मध्येच तुटतं. मी मोजलं, अकरा ठिकाणी, बरोबर सोळा सोळा पानांनी. ‘सुभेदारांनी मिशीला पीळ दिला आणि गर्जना केली की’ इथं पान संपतं आणि पुढचं पान सुरू होतं, ‘लोणच्यात मीठ कमी पडलं आहे.’ मी वर्गात मोठ्यानं हसले. पण विचार करा, सत्तेच्या गर्जनेतली पोकळी एका लोणच्यानं दाखवली! पानांना आकडेसुद्धा नाहीत, कारण खंदकात दिवस मोजता येत नाहीत.

आणि तो बोकड! पलटणीनं पाळलेला, ‘जमादार’ नावाचा. एका प्रकरणात त्याला कापून खातात, सटवा एकटा जेवत नाही. पुढच्या प्रकरणात जमादार मजेत रवंथ करतो आहे! मी लिहिलं आहे, ‘लेखक मृत्यूची आज्ञा पाळत नाही.’

आमच्या सिद्धलिंग सरांना हे वाचून दाखवलं. सर एरवी चष्म्यावरून बघतात. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “पंचशीलाबाई, हे अख्ख्या मराठवाड्याला कळलं पाहिजे.” नोव्हेंबरात ग्रंथालय सप्ताहात लातूरला नव्या जिल्ह्याचा पहिला वाचक मेळावा आहे. तिथं माझा निबंध ठेवलाय. मंचावरून! शंभर माणसांसमोर! तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, हिरवं लुगडं नेसून.

मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही, इतका आनंद झालाय.

तुमची,
पंचशीला


अहमदपूर
१२ सप्टेंबर १९८२

चि. पंचशीलास,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. मंचावर चढणार म्हणतेस, छान आहे. अप्पांना सांगितलं तर त्यांनी लगेच दोघा वाचकांना सांगितलं, आणि त्यांच्यातल्या एकानं मलाच येऊन सांगितलं.

पण दुसरं एखादं पुस्तक घे की. फडताळात पुष्कळ आहेत. हे फाटकं, जुनं. वाक्यं तुटतात ती छापणाऱ्याची चूक असेल. जुन्या पुस्तकांत असं होतं. लोणच्यात फार अर्थ शोधू नको. त्या माणसाला लोणचं आवडत असेल.

घ्यायचंच असेल तर शैली सोड आणि सदऱ्याबद्दल लिही. आठवतो का? सटवाच्या खंदकातून पलीकडचा माणूस कधीच दिसत नाही. दिसतो फक्त दोरीवर वाळत घातलेला त्याचा सदरा. सगळ्या पुस्तकात शत्रू तेवढाच. उजव्या खांद्याला ठिगळ. सटवा म्हणतो, ठिगळ कुणीतरी मायेनं लावलंय, टाके बारीक आहेत. ते वाचून मी दाभण खाली ठेवलं होतं. लढाई वाईट, असं त्या लेखकानं एकदाही लिहिलेलं नाही. ‘शहीद’ हा शब्द नाही. लढाईला तो ‘तिकडचं काम’ म्हणतो. मला कुणी शिकवलेलं नाही, पण मला वाटतं, ज्याला खरंच राग आला आहे तो असंच हळू बोलतो.

बघ, विचार कर. तू लहानपणापासून घाई करतेस. तांब्या गडगडला तो घाईनंच.

तुझी,
वैनी


अहमदपूर
१३ सप्टेंबर १९८२

पंचशीला,

कालचं पत्र टाकलं आणि परत बसले. ते पत्र लबाडीचं होतं. हे खरं आहे. टाकीन का नाही माहीत नाही.

लेखकानं काही उलटं लिहिलेलं नाही. उलटं मी शिवलं आहे.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. तू वसतिगृहात होतीस. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, दुपारी सुकडी मिळायची. विरूपाक्षअप्पा मजुरांची हजेरी लिहायला यायचे. मी पाटीचं फाटलेलं कातडं शिवत होते ते त्यांनी पाहिलं. म्हणाले, “हा टाका कुठं शिकलात? चला, माझी पुस्तकं अशीच फाटलीत.” खडी सुटली आणि मी पुस्तकांत आले.

वाचायला मी आधीच शिकले होते. तुझ्या दादांची पत्रं पोस्टमन गल्लीत मोठ्यानं वाचायचा. ‘इथं थंडी फार, तुझी गोधडी आठवते’ असं त्यानं वाचलं आणि सगळ्या बायका महिनाभर मला गोधडी म्हणायच्या. त्या लाजेपोटी मी चहाच्या पुड्यांवरून, तुझ्या जुन्या पुस्तकांवरून अक्षरं गोळा केली. पण मोठं पुस्तक वाचलं ते जुजबंदीतच. पुस्तक म्हणजे सोळा सोळा पानांचे जुज. एकेक सुटा घ्यायचा, झटकायचा, वाचायचा, शिवायचा.

‘रजेचा कागद’ आलं तेव्हा त्याचे बारा जुज सुटे झाले होते. लेखकाच्या हिशोबानं पहिल्या जुजात सटवा रजेवर घरी आहे आणि भिंत लिंपतो आहे. मग तो जातो. बाराव्यात पेटी येते. मी बारावा वाचला आणि पुढं दाभण चालेना. माझ्या घरी पेटी येऊन वर्ष झालं होतं. तुझ्या दादांचं शेवटचं पत्र तुला माहीत आहे, ‘जानेवारीच्या रजेचा अर्ज टाकला आहे.’ मी पेटी कधीच उघडली नाही, ती यासाठी. आत तो कागद निघाला तर?

मग मी बारावा जुज सगळ्यांत आधी ठेवला. पेटीचं काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे म्हटलं. त्याच्यामागं अकरावा, मग दहावा. पहिला शेवटी. माणूस घरी. पानांच्या पायांशी आकडे होते. थोडे वाळवीनं खाल्ले होते. उरलेले मी रापीनं कापले. वाचनालयाच्या पुस्तकाला असं करणं हा गुन्हा आहे, मला तेव्हाही कळत होतं.

नऊ वर्षांत ते पुस्तक सात जणांनी नेलं. कुणी काही बोललं नाही. एकानं फक्त विचारलं, “हा बोकड मरतो का न्हाई?” मी म्हणाले, न्हाई.

आणि आता तू शंभर माणसांसमोर उभी राहून माझ्या दाभणाला लेखकाची शैली म्हणणार.

वैनी


नांदेड
२५ सप्टेंबर १९८२

ती. वैनीस,
सप्रेम जय भीम.

तुमचं बारा तारखेचं पत्र वाचलं. कळलं मला. तुम्ही छापणाऱ्याचं निमित्त करता, पण तुम्हाला वाटतं की दादाच्या मरणावर मी मंचावर उभी राहून टाळ्या घेणार. खरं की नाही? मी त्याचं नाव घेणार नाही, शपथ. पण पुस्तक सोडणार नाही.

तुम्हाला एक सांगते. दादा गेला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्याच्या पलटणीबद्दल, लढाईबद्दल कुणी काही बोललं तर मी उठून जायची. शाळेत ‘वीर जवान’ असा धडा शिकवायची वेळ आली तर मी तो दुसऱ्या बाईंना देते आणि त्यांचं गणित घेते. मला गणित येत नाही, मुलींना माहीत आहे. या पुस्तकाचं शेवटचं पान मी वर्गात वाचून दाखवलं, भिंतीवरचे दोन पंजे. आवाज हलला नाही. पहिल्यांदाच. घरी जाताना मी चक्क शीळ वाजवली आणि एका रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

सदऱ्याचं तुमचं म्हणणं मी निबंधात घेतलं आहे, तुमच्या नावानं. सर म्हणाले, “ह्या धुरपताबाई कुठल्या कॉलेजात आहेत?” मी म्हटलं, जुजबंदीच्या. सरांना वाटलं ते पुण्याकडं कुठं असेल.

अजून आनंदाची बातमी! सरांनी पुस्तकाची दुसरी प्रत शोधली. देगलूरच्या एका जुन्या शिक्षकाकडं आहे, अगदी चांगली, मुखपृष्ठासकट. ती मेळाव्याआधी येईल. लेखकाचं नाव कळेल! मंचावर ती टेबलावर ठेवायची आणि तिच्यातून उतारे वाचायचे असं ठरलंय. सरांनी अध्यक्षीय भाषण लिहून सायक्लोस्टाइलसुद्धा करून घेतलं. त्यात ‘वाक्यभंगाची क्रांती’ असा एक अख्खा परिच्छेद आहे!

हिरवं लुगडं धुऊन ठेवा. पाणी नसेल तर नुसतं झटका.

तुमची,
पंचशीला


अहमदपूर
४ ऑक्टोबर १९८२

चि. पंचशीलास,
जय भीम.

सोबत एक कागद आहे, तेरा सप्टेंबरचा. तो आधी वाच, मग हे.

वाचलास?

देगलूरची प्रत उघडलीस की सगळं समजेल. तुला ते सरांसमोर, लोकांसमोर कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तू मला शिव्या दे, मी ऐकते. निबंध मागं घे आणि सांग की वैनी आजारी आहे. मला आजारी म्हटलेलं चालेल.

तू वर्गात आवाज न हलता शेवटचं पान वाचलंस असं लिहिलं आहेस. ते शेवटचं पान नाही बाई. ते पहिल्या जुजातलं आहे. तुझ्याकडून तेवढं काढून घ्यायला मला सगळ्यांत जड जातं आहे. म्हणून तुझं पत्र आल्यावरही हा कागद आठवडाभर घरातच राहिला.

अप्पांना अजून सांगितलं नाही. सांगेन.

धुरपता


(पोस्टकार्ड)

नांदेड
२९ ऑक्टोबर

वैनी, देगलूरची प्रत आली. दोन्ही वाचल्या. तीन दिवस तुमच्यावर रागावले, मग एक दिवस हसले, मग परत दोन दिवस रागावले. निबंध वाचणार आहे. तुम्ही यायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पोस्टमन हे वाचत असेल तर त्यालाही जय भीम.
पं.


नांदेड
२१ नोव्हेंबर १९८२

ती. वैनीस,
सप्रेम जय भीम.

आला नाहीत. पहिल्या रांगेत एक खुर्ची मी शेवटपर्यंत अडवून ठेवली होती. एक गृहस्थ दोनदा बसायला आले, दोनदा उठवलं.

सगळं सांगते. काल सकाळी नांदेडहून बसनं निघालो. लोह्यापर्यंत धीर झाला नाही. पुढं सरांनी भाषणाचे कागद काढले आणि ‘वाक्यभंगाची क्रांती’ मनातल्या मनात घोकायला लागले, तेव्हा सांगितलं. दोन्ही प्रती त्यांच्या मांडीवर ठेवल्या. अहमदपूर येईपर्यंत सर दोन्हींची पानं ताडून बघत होते. अहमदपूरच्या स्टँडवर मी खिडकीतून तुम्हाला शोधत होते, तेव्हा ते म्हणाले, “पंचशीलाबाई, माझ्या भाषणाच्या दीडशे प्रती काढल्यात हो.”

मी म्हटलं, “मग वाचा, सर.”

आणि त्यांनी वाचलं! मंचामागं कापडी फलक होता. त्यावर ‘उस्मानाबाद’ वर कागद चिकटवून ‘लातूर’ लिहिलेलं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं लातूर दर मिनिटाला उघडून आत उस्मानाबाद दिसायचं. तिथं उभे राहून सरांनी वाक्यभंगाची क्रांती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. लोणच्याचं उदाहरण दिलं. लोक माना डोलावत होते. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाले, “सभ्य स्त्रीपुरुषहो, आता पंचशीलाबाई सांगतील की मी हे सगळं एका दाभणाबद्दल बोललो.”

मग मी उठले. सगळं सांगितलं, खडीपासून. दोन्ही पुस्तकं हातात धरली. छापलेल्या पुस्तकात माणूस घरातून निघतो आणि पेटी येते. शिवलेल्यात पेटी येते आणि माणूस घरी जातो. मी म्हटलं, लेखकाला आपल्याला त्या पेटीपर्यंत चालवत न्यायचं आहे, कुठं वळू द्यायचं नाही, आणि तो बरोबर आहे. त्याचा रागच त्या रस्त्यात आहे. पण एका बाईला पेटीपासून परत फिरायचं होतं. तीही या पुस्तकाची वाचकच आहे. तिनं सगळ्यांत नीट वाचलं, म्हणून तिला कळलं की कुठून उसवायचं.

देवणीकडचे एक म्हातारे बाबा उठले. “बाई, ते सगळं ठीक. बोकडाचं शेवटी काय झालं?”

“छापलेल्यात खाल्ला, बाबा. शिवलेल्यात जिता हाय.”

“मंग आमच्या गावाला शिवलेलं पाठवा.”

वैनी, असं हसू मी कुठल्या सभेत ऐकलं नाही. लातूरचा कागद एकदाचा सुटून सरांच्या डोक्यावर पडला. सरही हसले. मी हसता हसता रडले आणि कुणाला कळलं नाही. तुमचे विरूपाक्षअप्पा तिसऱ्या रांगेत होते. तुम्ही त्यांना आदल्या दिवशीच सांगितलंत म्हणे. ते उभे राहिले. मला वाटलं, आता तुमचं काम गेलं. ते म्हणाले, “वाचनालयाचं पुस्तक कापलं हा अपराध हाय. सजा म्हणून उरलेले शिक्के धुरपताबाईंनीच मारायचे. आन देगलूरची प्रत ते गुरुजी देत असले तर दोन्ही शेजारी ठेवू.”

आता एक गोष्ट, जी मी मंचावर बोलले नाही. ती फक्त तुमची आहे.

सदरा. लेखकाच्या पुस्तकात पलीकडचा तो सदरा रोज दोरीवर दिसतो आणि संध्याकाळी कुणीतरी काढून नेतं. मग एके दिवशी तो काढला जात नाही. तीन दिवस तसाच लटकतो. सटवाला कळतं. आपल्यालाही कळतं. पण तुमच्या पुस्तकात आधी तो तीन दिवस लटकतो, आणि पुढं मात्र रोज संध्याकाळी कुणीतरी येतं आणि सदरा काढून नेतं. वैनी, तुम्हाला वाटत होतं तुम्ही आपला एक माणूस घरी आणलात. तुम्ही पलीकडच्यालाही घरी पाठवलंत. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर दिसलं, आणि माझा सगळा राग गेला.

शेवटचं पान माझ्याकडून गेलं असं तुम्ही लिहिलंत. नाही गेलं. काल मी पेटीचं प्रकरणही मोठ्यानं वाचलं, लेखकाच्या जागी, शेवटी. आवाज हलला. चाललं.

पेटीच्या किल्लीचं तुम्हाला काही सांगायची माझी छाती नाही. मी येऊ का, एवढंच विचारते.

तुमची,
पंचशीला


अहमदपूर
२८ नोव्हेंबर १९८२

चि. पंचशीलास,
जय भीम.

मी आले होते. स्टँडपर्यंत. हिरवं लुगडं नेसून. तुमची बस आली, खिडकीत तू मान उंच करून बघत होतीस, आणि मी रसवंतीच्या पाटीमागं उभी राहिले. तू घाबरलेली दिसत नव्हतीस. मग मी घरी गेले. रागावू नको, पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसेन.

गल्लीत आता मला ‘बोकडवाली’ म्हणतात. गोधडीपेक्षा बरं.

सदऱ्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. नऊ वर्षं ते पुस्तक माझ्या हातात होतं आणि मला एकच माणूस दिसत होता. तू बरोबर वाचलंस. शिकलेल्या माणसाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

तुझं पत्र बुधवारी आलं. तू विचारलंस, येऊ का. तू येईपर्यंत थांबले असते तर परत दहा वर्षं गेली असती. पेटीवर वाळत ठेवलेल्या पुठ्ठ्यांवरचा दाबाचा दगड उतरवला, पुठ्ठे बाजूला ठेवले, किल्ली फिरेना म्हणून कुलपात तेल सोडलं. आत दोन सदरे, एक पायजमा, स्वेटर, दाढीचं सामान, मेणाचा अर्धा गोळा. माझी सहा पत्रं. पहिल्या पत्रात फक्त माझं नाव आहे, अकरा वेळा, कारण तेव्हा तेवढंच लिहिता येत होतं. ते त्यांनी नीट घडी घालून सगळ्यांच्या वर ठेवलं होतं. रजेचा कागद नव्हता.

एका सदऱ्याच्या खिशाला त्यांनी स्वतः टाके घातले होते. एक पुढं, एक मागं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी दोन घागरी जास्त घेतल्या, त्यांचे कपडे धुतले, दोरीवर वाळत घातले, आणि ऊन उतरल्यावर काढून आत घेतले.

तुझी,
वैनी